शाळू दवावर येत नाही, परसबागही नाही

सोयाबीनची मळणी उरकली, दिवाळी झाली, की धाराशिव जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता थंडी लागली, झाडांचं पाणी बंद करा. शाळू नाही का दवावर येत?" तुळजापूरला तेच, परंड्याला तेच. शेतीत मुरलेली माणसंही घरच्या बागेपुरतं असंच बोलतात. मग जानेवारीत जास्वंदीच्या कळ्या गळाल्या, की दोष थंडीला!

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दवावर येत नाही. हिशेब साधा आहे. एका रात्रीत पडून पडून दव किती पडेल? भौतिकशास्त्राच्या गणिताने कमाल ०.८ मिलिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात बहुतेक रात्री याहून बरंच कमी. अशा कमाल दवाच्या सलग शंभर रात्री धरल्या, तरी बेरीज होते ८० मिलिमीटर. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार ११० ते १३० दिवसांच्या ज्वारीला ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागतं. शिवाय दव पानावर पडतं आणि उन्हं वर आली की उडून जातं. मुळांपर्यंत ते जातंच कुठे?

शाळू येतो तो जमिनीतल्या ओलीवर. परंडा, कळंब भागातल्या खोल काळ्या रानात पावसाचं पाणी मुरून राहतं. मीटरभर थरात पिकाला घेता येईल अशी साधारण १५० ते २०० मिलिमीटर ओल असते. ज्वारीची मुळं मीटरभर, कधी त्याहून खोल जाऊन ती शोधतात. बालाघाटाच्या माथ्यावरच्या मुरमाड जमिनीत तोच शाळू लवकर सुकतो. दव तर दोन्हीकडे पडतं! आणि नुसत्या दवावर भागत असतं, तर कृषी विद्यापीठाने पीक पोटरीत असताना एक तरी पाणी द्या म्हणून सांगितलं असतं का?

आता आपलं परस बघा. कुंडीत माती वीतभर. मेथी-शेपूची मुळंही वरच्याच थरात. बांधकामाच्या राड्यारोड्यावर चार घमेली माती टाकून केलेल्या बागेत साठलेली ओल असणार किती? उन्हाळ्यापेक्षा पाणी कमी लागतं, हे खरं. ते बंद करायचं, हे साफ चूक. बोटभर खोल माती कोरडी लागली की पाणी द्या, एवढा नियम पुरे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "थंडीत पाणी दिलं की झाड गारठतं." हेही उलटं आहे. कोरड्या मातीत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून दिवसाची ऊब खोल जात नाही आणि निरभ्र रात्री वरच्या वर निघून जाते. ओली माती ती ऊब साठवते आणि रात्रभर हळूहळू सोडते. थंडीच्या लाटेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी सल्ल्यात बागांना हलकं पाणी द्यायला सांगतात, ते याचसाठी. पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफ निघते, कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मात्र तेव्हा गार असतं, ते ऊन तापल्यावर द्या. पाणी आळ्यात सोडा, पानांवर नको. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर करपा आणि केवडा वाढतो.

रब्बीत ज्वारीची तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करतात, ती भेगा बुजवायला, कारण भेगांतून ओल उडते. घरी हेच काम खुरप्याने होतं. वरून सोयाबीनचं भुसकट तीन-चार बोटं जाड पसरा. या दिवसांत गावोगाव ते पेटवलेलं दिसतं, आणि ते बघवत नाही. "राखेचं खत होतं" म्हणतात. पण जाळल्यावर त्यातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो, जमिनीला उरते मूठभर राख.

थंडीचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. थंडीत सौर बंब बंद ठेवू नका, तो हवेच्या उष्णतेवर नाही, उन्हावर चालतो. पावसाळ्याची धूळ-चिखल काचेवरून पुसून घ्या. भिंतीला गेलेली भेग थंडीने पडत नाही, पायाखालची काळी माती वाळून आकसल्याने पडते. माळवदावरचं गवत आपोआप वाळेल म्हणून सोडू नका, माती ओलसर असतानाच मुळासकट उपटा. थंडीत डेंग्यूचे डास मरतात म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांची अंडी कोरड्या रांजणाच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा रांजण नुसता उपडा न करता आतून घासा.

आणि शेगडी. "निखाऱ्याला धूर नाही, म्हणजे धोका नाही" हा समज जीव घेतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीसुद्धा दार-खिडकी उघडी ठेवूनच वापरा आणि झोपण्यापूर्वी बाहेर काढा. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत बसवला असेल, तर थंडी वाढण्याआधी तो बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या.