पडून राहिलेली नेलपॉलिश

मैत्रिणींनो, जत्रेतून हौसेनं आणलेली नेलपॉलिश दोनदा लावली की फळीवर पडून राहते आणि घट्ट होते. त्यातला पातळपणा उडून जातो, एवढंच. बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे येतात; दोन्ही तळहातांत घोळवा. तरी सैल झाली नाही तर नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब घाला. रिमूव्हर नको, त्यानं रंग बिघडतो. आधी एका रंगाचा पातळ हात द्या, पुरता वाळू द्या. मग टाचणीच्या डोक्यानं दुसऱ्या रंगाचे ठिपके. पाच ठिपक्यांचं फूल रांगोळी घालणाऱ्या हाताला काय शिकवायचं! हे मात्र अंगणात बसून करा. चूल, गॅस, दिवा जवळ असताना बाटली उघडूच नका, नेलपॉलिश चटकन पेट घेते. ओल्या नखांनी भाकरी थापायलाही बसू नका.