बेचिराग गावाचा कौल

महसूल दप्तरात एक शब्द अजून टिकून आहे : बेचिराग. फारसीत चिराग म्हणजे दिवा. गावाचं नाव यादीत आहे, शिवार आहे, शीव ठरलेली आहे, पण पांढरीत सांजवात लावायला एकही घर उरलेलं नाही, असं गाव ते बेचिराग. शेजारच्या गावाचे लोक त्याची जमीन कसतात, मारुतीला शनिवारी कुणीतरी तेल घालून येतं, एवढीच त्या गावाची हालचाल. दिवाळीच्या दिवसांत हा शब्द वाचला की काळजात चर्र होतं.

गाव बेचिराग होणं ही आपल्या मुलखात नवलाची गोष्ट नव्हती. दुष्काळ आणि फौज या दोन वाटांनी ते संकट येई. आमचा बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. औरंगाबाद, पैठणकडून दक्षिणेत उतरणाऱ्याला नदी ओलांडल्याखेरीज गत्यंतर नसे, म्हणून इथले उतार लष्करांच्या पायाखालचे. 10 ऑगस्ट 1763 रोजी याच तालुक्यातल्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. नदीला पूर होता, निजाम पलीकडे उतरला होता आणि अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. त्यानंतरच्या तहात मराठ्यांना 82 लाखांचा मुलूख मिळाला, हे आपण शाळेत शिकतो.

पण 82 लाख म्हणजे काय? तो आकडा जमिनीचा नाही, वसुलीचा. पेरणारा माणूस असेल तरच तो खरा. ज्या शिवारातून हत्ती, घोडे, बाजारबुणगे गेले, ज्या गावावर मराठ्यांची चौथाई आणि निजामाचा सारा असा दुहेरी भार होता, तिथला कुणबी बैल सोडून रातोरात दुसऱ्याच्या हद्दीत निघून जाई. त्या काळी जमीन मुबलक होती आणि माणूस दुर्मीळ होता. आज हे उलटं झाल्यामुळे पटायला जड जातं, पण मध्ययुगीन दख्खनचं सगळं महसुली धोरण या एका वाक्यावर उभं आहे. माणूस पळून जाऊ शकतो, म्हणून त्याला बोलावून आणावं लागतं.

या बोलावण्याला शब्द होता कौल. अरबीतला मूळ अर्थ वचन. देवळात आपण देवाला कौल लावतो, निवडणुकीत जनतेचा कौल म्हणतो, पण दप्तरातला कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेला लेखी शब्द. तुम्ही या, वस्ती करा, जमीन लावा, अमुक वर्षं अमुकच घेऊ, जास्तीचा उपद्रव लागू देणार नाही. कौलनामा देताना पाटलाला पागोटं, शिरपाव देण्याची रीत होती, कारण चार कुळं माघारी आणणं पाटलाच्या शब्दावर अवलंबून असे.

1630 ते 1632 च्या भयंकर दुष्काळाने दख्खन उजाड केली होती. त्यानंतर वीसेक वर्षांनी, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, मुर्शिद कुली खान या दिवाणाने मुलखाची घडी बसवायचं मनावर घेतलं. विस्कटलेली गावं त्याने पुन्हा वसवायला घेतली, जिथे गावचा प्रमुख उरला नव्हता तिथे नवा मुकद्दम नेमला, बैलांसाठी, बियाण्यासाठी तगाई दिली आणि ती हंगामावर हप्त्याने फेडून घेण्याची व्यवस्था केली. तगाई हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असे. मुकद्दम हा दुसरा शब्दही ध्यानात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

सह्याद्रीच्या बाजूला शिवाजी महाराजांचा कारभार याच वाटेने, पण अधिक मायेने चालला. सभासद बखरीत नव्या रयतेबद्दलचा त्यांचा नियम नोंदवला आहे. बाहेरून नवी रयत आली तर तिला गुरंढोरं द्यावीत, बियाण्याला आणि पोटाला दाणा, पैका द्यावा आणि ती रक्कम दोन-चार वर्षांनी, ऐपत पाहून उगवून घ्यावी. 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं पत्र तर प्रत्येक तलाठ्याच्या टेबलावर असावं. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, ज्याच्याकडे माणूस आहे पण बैल नाही त्याला बैलाला पैसे द्या, पोटाला दाणे द्या, आणि वसूल करताना वाढीदिढी न लावता फक्त मुद्दल, तेही हळूहळू घ्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाला कळलं होतं की बैलाविना बसलेल्या माणसाला नुसती जमीन देऊन उपयोग नाही.

कौलाचं गणित ज्या पद्धतीने बसवत, तिचं नाव इस्तावा. पडीक जमीन मोडायला पहिली दोन-तीन वर्षं घामच जातो, पीक नावापुरतं येतं. म्हणून सारा पहिल्या वर्षी अगदी थोडा आणि पुढे चढत्या पायरीने. समजा बिघ्याला पुरता सारा दीड रुपया असेल, तर पहिल्या वर्षी दोन आणे, मग चार, मग आठ, असं करत पाच-सात वर्षांनी दीड रुपया. शेतकऱ्याच्या हाती काय येतं ते पाहून सरकारने आपला हात पुढे करायचा, एवढं हे सोपं आहे आणि एवढंच ते शहाणपणाचं आहे.

कौलावर आलेल्या माणसाला कागदात उपरी म्हणत, म्हणजे वरून, बाहेरून आलेला. गावातला जुना वतनी तो मिरासदार. पुढे 'उपरा' हा शब्द टोमणा झाला, पण मुळात उपरी म्हणजे ज्याच्या येण्याची सरकार वाट पाहत होतं तो माणूस. त्याला मिरासदाराचा मान नव्हता, गावच्या कारभारात आवाज नव्हता, मात्र साऱ्यात त्याला सवलत असे. गावं अशा उपऱ्यांनी पुन्हा उभी केली. आपण सात पिढ्यांचे इथलेच, असं सांगणाऱ्या किती घराण्यांचा मूळपुरुष इस्ताव्यावर आलेला असेल, याचा विचार करून पाहावा.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जे घराणं निघून गेलं त्याची जमीन गतकुळी म्हणून नोंदत. गतकुळ म्हणजे गेलेलं कूळ. ती जमीन उपरी कसू शकत होता, पण मिरासदाराचा वारस पुढच्या पिढीत जरी परत आला आणि त्याने हक्क सिद्ध केला, तरी गाव त्याचं मिरासपण नाकारत नसे. नव्याला बोलावताना जुन्याचं दार उघडं ठेवलेलं होतं.

असं बोलावणं जगात इतरत्रही होतं, पण हे दार सगळीकडे नव्हतं. योगायोग असा की राक्षसभुवनच्या लढाईच्याच वर्षी, जुलै 1763 मध्ये, रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने परदेशी लोकांना जाहीरनामा काढून बोलावलं. ओसाड जमिनीवर वसणाऱ्याला तीस वर्षं करमाफी, धर्माचं स्वातंत्र्य, लष्करी चाकरीतून सूट, बिनव्याजी कर्ज. हजारो जर्मन कुटुंबं व्होल्गाकाठी गेली. अमेरिकेने 1862 च्या कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर देऊ केले. कलमं वाचताना आपलाच कौलनामा वाचतोय असं वाटतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की अमेरिकेने ज्या जमिनीला मोकळी म्हटलं ती तिथल्या मूळ रहिवाशांची होती. त्या गतकुळांना परत यायला वाटच ठेवली नाही.

कौल शेतकऱ्यालाच मिळे असं नाही. नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमून, काही वर्षं करमाफी देऊन उदमी, कारागीर आणत. पेशवाईत पुण्याच्या पेठा अशाच वाढल्या. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आँजिए यानेही 1670 च्या दशकात व्यापाऱ्यांना असंच ओढलं. दीवच्या नीमा पारख या वाण्याने तर येण्याआधी धर्मात ढवळाढवळ होणार नाही असं वचन मागून घेतलं. पुढे वऱ्हाडात इंग्रजांनी ओसाड गावं वसवण्यासाठी इजाऱ्याने दिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या नावाला आजही 'इजारा' हे शेपूट आहे, ते त्या बोलावण्याची खूण आहे.

आता मुकद्दमाकडे येतो. मराठी कागदांत तो मोकदम झाला, पाटलाच्या नावापुढे लागला आणि बोलीत मुकादम. सतराव्या शतकात सरकारने मुकद्दम नेमला तो उजाड गावात माणसं आणून बसवण्यासाठी. आज आमच्या गेवराईत, सगळ्या बीड जिल्ह्यात, मुकादम म्हटलं की ऊसतोडीची टोळी बांधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो माणसं गावाबाहेर नेतो. तेव्हा तगाई मिळे ती गावात येऊन बैल घेण्यासाठी, आता उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती गाव सोडण्यासाठी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतली की ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. दसरा-दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर भरून निघतात आणि सहा-सहा महिने कितीतरी घरांत म्हातारी माणसंच दिवा लावतात.

एकट्या मुकादमाला दोष देऊन भागणार नाही, तोही बहुधा याच मातीतला असतो. दोष या गोष्टीचा आहे की बोलावण्याची विद्या सरकार विसरलेलं नाही, फक्त ती माणसासाठी वापरायचं थांबलं. 1964 पासून महाराष्ट्रात मागास भागात उद्योग यावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. करात सूट, काही वर्षांची मुदत, म्हणजे कारखान्यांना दिलेला इस्तावाच. त्याला माझा विरोध नाही. पण हा इस्तावा कोरडवाहू कुटुंबाला मिळत नाही. जायकवाडीचा उजवा कालवा आमच्या तालुक्यातून जातो, तो जिथे भिजवतो तिथे ऊस उभा राहतो. बाकीच्या शिवारातले लोक तोच ऊस परमुलखात जाऊन तोडतात.

कौलात तीन गोष्टी होत्या : हाती भांडवल, फेडायला मुदत आणि उपद्रव न देण्याचं वचन. बाहेरच्या माणसाला आणण्यासाठी जे द्यावं लागलं, तेच घरच्या माणसाला थांबवण्यासाठी द्यावं लागेल. ते मिळेपर्यंत निदान लेकरांना तरी सांभाळता येईल. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांनी शाळेत राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या निघायच्या बेतात असतील. आपल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढं विचारा : यंदा वसतिगृह कधी सुरू होणार, आणि किती मुलांची नावं लिहिली आहेत?