गव्हाण रिकामी राहता कामा नये

दसरा-दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी पडते, हारतुरे होतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. मला त्या फोटोनंतरच्या चार-पाच महिन्यांचे वेड आहे. लोक साखर कशी तयार होते ते बघायला कारखान्यात जातात. मी कारखाना थांबत कसा नाही ते बघायला जातो. हजारो शेतांतून, हजारो हातांतून येणारा ऊस रात्रंदिवस गव्हाणीच्या पट्ट्यावर पडत राहतो आणि तो पट्टा रिकामा धावत नाही. यामागचे नियोजन हे आपल्या राज्यातले सर्वांत अवघड उत्पादन-व्यवस्थापन आहे, असे माझे ठाम मत आहे. मोटारीचा सुटा भाग गोदामात महिनाभर पडून राहिला तरी काही बिघडत नाही. ऊस असा पडून राहत नाही.

कोयत्याचा घाव बसला की उसातली साखर घटायला लागते. उसात स्वतःचीच विकरे असतात, ती सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत जातात. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने साखर तर जातेच, वर रस गाळायला आणि त्यात दाणा धरायला त्रास होतो. पाण्याचा अंश उडून वजन घटते, तो तोटा शेतकऱ्याचा. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा असे सांगतात. जळालेल्या उसाला तेवढाही अवधी मिळत नाही. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाचे वीतभर लांबीचे तुकडे होतात, म्हणजे कापलेली टोके कितीतरी वाढतात. तो तर आणखी लवकर गव्हाणीत पडायला हवा.

दिवसाला ४,८०० टन गाळणारा कारखाना धरू, हिशेब सोपा जातो. तासाला २०० टन. हेक्टरी ८० टन उतारा धरला तर रोज ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकर रान मोकळे व्हायला हवे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो, गाडी भरतो. म्हणजे अडीच-तीन हजार कोयते, पाच-सहा हजार माणसे, रोज, न चुकता. आता समजा, ऊस शिळा होऊन साखर उतारा अवघा ०.१ टक्क्याने घसरला. रोजची ४.८ टन साखर गेली. दीडशे दिवसांच्या हंगामात ७२० टन. केंद्राने २०१९ साली ठरवलेला किलोमागे ३१ रुपयांचा किमान विक्री दर लावला तरी सव्वादोन कोटींच्या आसपास रक्कम होते. ही रक्कम कोणी चोरलेली नसते, कोणते यंत्र मोडलेले नसते. ती फडात, रस्त्यावर आणि कारखान्याच्या यार्डात उभ्या गाड्यांमध्ये विरून जाते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, १९५० मध्ये. पुढे सांगलीत वसंतदादा पाटील, वारणेत तात्यासाहेब कोरे अशी माणसे उभी राहिली आणि माळरानांवर चिमण्या दिसू लागल्या. मांजरीला साखर संस्था आली, पाडेगावच्या संशोधन केंद्रातून उसाच्या जाती आल्या. सहकाराचे राजकारण आणि खासगी कारखान्यांचा शिरकाव यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तोडणी कार्यक्रमावर मात्र शेतकी खात्याबाहेर कोणी फारसे बोलत नाही, आणि मला तर तोच बघावासा वाटतो.

तोडणी कार्यक्रमाची सुरुवात हंगामाच्या वर्षभर आधी होते. शेतकरी लागणीची नोंद देतो: गट, क्षेत्र, जात, तारीख. जुलै-ऑगस्टची लागण आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू, आणि आधीच्या वर्षीच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा. प्रत्येकाची पक्व होण्याची वेळ निराळी. हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याची माणसे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात उतरतात, शेंड्याच्या आणि बुडख्याच्या रसाचा गोडवा, म्हणजे ब्रिक्स, बघतात. दोन्हींतला फरक जसा कमी होत जातो तसा ऊस तोडीला येतो. मग पाळी लागते. याद्या गट ऑफिसच्या भिंतीवर लागतात आणि तिथून पुढे गावात झोप उडते. आपला नंबर मागे का? शेजाऱ्याची लागण आठ दिवस नंतरची, त्याला तोड आधी कशी? ऊस फार दिवस उभा राहिला तर तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटते. शिवाय रान मोकळे झाले तरच गहू-हरभऱ्याचे बघता येते. कंटाळलेला शेतकरी कधी कधी फड पेटवून देतो, कारण जळालेला ऊस आधी न्यावाच लागतो. त्याला दरात कपात सोसावी लागते आणि कार्यक्रमाची घडी त्या दिवसापुरती विस्कटते.

या सगळ्या घडामोडीत फडावर उभा असतो कारखान्याचा चिटबॉय. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. मोटारसायकल, कानाला फोन, खिशात चिठ्ठ्यांचे पुस्तक (आता बहुधा मोबाइलवरचे ॲप). कोणत्या टोळीने आज कुठला फड धरायचा, उद्या कुठे सरकायचे, कोणत्या गाड्या भरल्या, कोणता रस्ता चिखलाने बंद आहे, हे त्याच्या डोक्यात असते. एका गावाकडे टोळ्या जास्त गेल्या तर त्या बाजूचा रस्ता तुंबतो आणि दुसऱ्या दिशेचा ऊस पोचत नाही. अवकाळी पाऊस झाला की काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो. एका जुन्या शेतकी अधिकाऱ्याने मला सांगितले होते, की तो डांबरी रस्त्याकडेचे काही फड मुद्दाम मागे ठेवायचा. पावसाच्या दिवशी तेवढ्यावर कारखाना चालायचा. त्या शेतकऱ्यांची बोलणी तो मुकाट्याने खायचा. टोयोटाच्या ताईची ओहनो यांच्या पद्धतीवर आपल्याकडे व्यवस्थापनाचे पोवाडे गायले जातात, आणि ते योग्यच आहे. पण हवा तेवढाच माल हव्या त्या वेळी आणायचा आणि वाईट दिवसासाठी हाताशी काय राखून ठेवायचे हेही ठरवायचे, ही विद्या आपल्या शेतकी ऑफिसांतही आहे. तिच्यावर पुस्तक कोणी लिहिलेले नाही, एवढेच.

आता खरा पेच. ऊस दिवसा तोडला जातो, गाळप मात्र चोवीस तास चालते. पहाटे अंधारातच कोयते चालू होतात, दुपारनंतर गाड्या भरतात आणि संध्याकाळपासून कारखान्याच्या दारात रांग लागते. रात्रभर नवा ऊस जवळजवळ येतच नाही. म्हणजे रात्रीचे आणि सकाळचे गाळप संध्याकाळी जमलेल्या उसावर करायचे. जास्त जमवला तर ऊस शिळा होतो. कमी जमवला तर सकाळी सात-आठच्या सुमाराला गव्हाण रिकामी पडते आणि कारखाना ‘नो केन’ला थांबतो. शेतकी अधिकाऱ्याला हे दोन शब्द भुतासारखे छळतात. ऊस थांबला की बगॅस थांबते. गाळलेल्या उसाचा पंचवीस-तीस टक्के भाग बगॅस असतो आणि तोच बॉयलरचे इंधन. वाफेचा दाब उतरतो, टर्बाइन मंदावते, टाक्यांत अडकलेला रस आंबू लागतो.

एलियाहू गोल्डरॅट या भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘द गोल’ ही व्यवस्थापनावरची कादंबरी लिहिली. कारखान्यातला सर्वांत अरुंद टप्पा जो असेल, त्यावर वाया गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा गेलेला तास, हे त्यात त्याने पटवून दिले. साखर कारखान्यात गिरणी हाच तो टप्पा मानतात आणि बाकी सगळी व्यवस्था तिच्या तालावर चालवतात. त्यात चूक नाही. पण तालावर कोणाला नाचावे लागते, ते पुढे सांगतो.

त्याआधी थोडे आडवळण, कारण पॅनघराबद्दल न लिहिता हा लेख संपवणे मला जमणार नाही. गाळून, चुना आणि गंधकाचा धूर देऊन स्वच्छ केलेला रस आटवला की त्याचा घट्ट पाक होतो. तो निर्वात पॅनमध्ये शिजतो. निर्वातामुळे तो सत्तर अंशांच्या आसपासच उकळतो आणि करपत नाही. आत दाणा धरला का, हे बाहेरून दिसत नाही. पॅनमन एक लांब पितळी दांडा पॅनच्या अंगातल्या छिद्रातून आत घालतो, फिरवतो, बाहेर काढतो. दांड्याच्या खोबणीत थोडा पाक आलेला असतो. तो काचेच्या पट्टीवर बोटाने पसरवतो आणि पट्टी दिव्यासमोर धरतो. तांबूस पाकात बारीक, धारदार कडांचे दाणे चमकतात. दाणे एकसारखे असतील तर तो मान हलवतो आणि थोडा पाक आणखी सोडतो. मध्येच धुळीसारखे बारीक दाणे दिसले तर पाणी देऊन ते विरघळवतो. शिळा ऊस आला की त्याला प्रयोगशाळेआधी कळते, कारण डेक्स्ट्रानने दाणा लांबुडका होतो आणि पाक ओढायला जड जातो. यार्डात काल रात्री काय झाले ते पॅनमनच्या काचेवर उतरलेले असते. त्या काचेसमोर मी तासन्‌तास उभा राहिलो आहे.

पण पुन्हा यार्डात चला. मसाचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले जॉन लिटल यांच्या नावाचा एक नियम आहे. त्याची सिद्धता त्यांनी १९६१ मध्ये दिली: रांगेतला सरासरी साठा म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. आपल्या कारखान्यात तासाला २०० टन ऊस लागतो. गाडी सरासरी पाच तास थांबत असेल तर यार्डात सरासरी १,००० टन उभा आहे. १२ तास थांबत असेल तर २,४००. म्हणजे यार्ड नुसते डोळ्यांनी भरलेले दिसले तरी माणसे किती वेळ थांबली आहेत हे सांगता येते. भरलेले यार्ड बघून संचालक मंडळाला समाधान वाटते. मला त्यात उभे बैल दिसतात.

हिवाळ्यातल्या एका रात्री यार्डातल्या टायर-बैलगाडीच्या रांगेत बीडकडचा एक गाडीवान शेकोटीपाशी भेटला. बायको दिवसभर त्याच्यासोबत तोडून कोपीवर परतली होती, कारण पहाटे भाकरी करून पुन्हा फड धरायचा होता. “दादा, दिस मावळायला गाडी लावली, आता मध्यान रात झाली,” तो म्हणाला. “काटा व्हायला उजाडंल. मग कवा झोपायचं आन्‌ कवा तोडायचं?” बैलांपुढे वाढे टाकलेले होते. त्याची मजुरी टनावर. थांबण्याचे तास कोणी मोजत नाही, त्यांचे पैसेही कोणी देत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने गाडी सोडून जाण्याची सोय नाही.

इथे माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. गव्हाण रिकामी राहू नये म्हणून कुठेतरी सैलपणा ठेवावाच लागतो. तो उसाच्या साठ्यात ठेवला तर साखर जाते, गिरणीत ठेवला तर गाळप जाते. म्हणून आपण तो माणसांच्या झोपेत ठेवला आहे. तिथे त्याची किंमत कोणाच्या ताळेबंदात येत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण खरे पाहिले तर तोही स्वस्त नाही: रात्रभर जागलेला कोयता दुसऱ्या दिवशी कमी तोडतो, घाईत बुडखा उंच ठेवतो, आणि उसात सर्वांत जास्त साखर असते ती बुडख्यातच. पाचट आणि शेंडे न काढता मोळी बांधली जाते, गिरणीत बिनसाखरेचा पाला जातो. म्हणजे वाचवलेला पैसा उताऱ्यातून परत जातो.

उपाय अवघड नाहीत. काही कारखान्यांत गाड्यांना वेळेचे टोकन देतात, बैलगाडीची रांग वेगळी ठेवतात, रात्रीसाठी ट्रॅक्टर आणि संध्याकाळसाठी बैलगाड्या असे वाटप करतात. अशा एका ठिकाणी मी गेलो तेव्हा रात्री दहाला यार्डात एकही बैलजोडी नव्हती आणि गिरणी व्यवस्थित चालली होती. फरक यंत्रांचा नव्हता. तिथला शेतकी अधिकारी रोज सकाळी थांबण्याच्या तासांचा कागद मागवत होता.

उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि तो मोडला की शेतकरी बरोबर जाब विचारतो. कारखान्याच्या दैनिक अहवालात गिरणी किती वेळ थांबली याची कारणवार नोंद असते: नो केन, यांत्रिक, विद्युत, साफसफाई. मी पाहिलेल्या अहवालांत गाडी किती वेळ थांबली याला रकाना नव्हता. तो एक रकाना वाढवायला ना कर्ज लागते, ना सरकारची मंजुरी. तुमच्यापैकी जे कोणत्या ना कोणत्या कारखान्याचे सभासद आहेत, त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वार्षिक सभेत दर आणि उतारा विचारून झाला, की उभे राहून एवढे विचारा, आपल्या यार्डात गाडी सरासरी किती तास थांबते?