बोधचिन्हातील कीटक : सौंदर्य आणि अचूकता

वैज्ञानिक संस्थेची परिषद जवळ आली की बोधचिन्ह, भित्तिपत्रक, कापडी पिशवी आणि टी-शर्ट यांसाठी संकल्पचित्र स्पर्धा जाहीर होते. विद्यार्थी व तरुण संशोधक तीत हौसेने भाग घेतात. परिषदेतील शोधनिबंध सभागृहातील मोजकेच श्रोते ऐकतात. पिशवीवरील चित्र मात्र पुढे कित्येक वर्षे बाजारात आणि बसगाड्यांत फिरत राहते. म्हणूनच ते देखणे असण्याइतकेच शास्त्रशुद्ध असणेही आवश्यक आहे.

आरशातील चूक

जीवशास्त्रातील याचे परिचित उदाहरण डीएनएचे आहे. सजीवांत सामान्यतः आढळणारी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उजव्या वळणाची असते. तरीही जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे, इतकेच नव्हे तर वैज्ञानिक प्रकाशनांतही ती अनेकदा डाव्या वळणाची छापली गेली आहे. अमेरिकी संशोधक थॉमस श्नायडर यांनी अशा चित्रांची यादीच संकलित केली आहे. मांडणीच्या सोयीसाठी चित्र आडवे उलटवले की ही चूक सहज घडते.

कीटकांनाही हे लागू पडते. रातकिड्यांमध्ये सामान्यतः उजवा पुढचा पंख डाव्यावर असतो, तर लांब शृंगांच्या नाकतोड्यांमध्ये डावा पंख उजव्यावर असतो. रातकिड्याचे चित्र उलटवले की त्याचे हे लक्षणच बदलते.

परीक्षकांनी काय पाहावे?

कीटकाचे सहाही पाय वक्षातून निघतात. पोटातून निघालेले पाय ही चित्रांतील नेहमीची चूक आहे. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. पायावर परागाची गोळी दाखवायची असेल, तर ती कामकरी माशीच्या मागच्या पायावर हवी. नराला परागकरंडी नसते. फुलपाखराच्या बाबतीत चूक अधिक सूक्ष्म असते. संग्रहपेटीत टाचणी लावून पंख ताणलेला नमुना समोर ठेवून चित्र काढले जाते आणि त्याभोवती फुले रंगवली जातात. जिवंत फुलपाखरू फुलावर क्वचितच तसे बसते. जाणकाराला ते मृतच दिसते.

बोधचिन्हात सुलभीकरण अपरिहार्य आहे. रेषा कमी करता येतात, पायांवरील केस गाळता येतात. परंतु कीटकाची ओळख ठरवणारी लक्षणे बदलता येत नाहीत. त्यामुळे परीक्षक मंडळात चित्रकाराबरोबर एक वर्गीकरणतज्ज्ञ असावा आणि निकालापूर्वी चित्र प्रत्यक्ष नमुन्याशी ताडून पाहावे.

छपाईची कसोटी

पडद्यावर उठून दिसणारे चित्र कापडावर तसेच उतरेल असे नाही. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते. रंग वाढले की खर्च वाढतो. ओळखपत्राच्या आकारात बारीक शृंगे नाहीशी होतात. म्हणून प्रवेशिका एकरंगी स्वरूपातही आणि छोट्या आकारातही मागवावी.

निर्मात्याचा हक्क

२०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह डी. उदय कुमार यांचे, तर स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. ही दोन्ही चिन्हे खुल्या स्पर्धांतून निवडली गेली आणि त्यांच्या निर्मात्यांची नावे देशाला कळली. वैज्ञानिक संस्थांनीही हाच पायंडा पाळावा.

प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला हक्कधारक सामान्यतः तिचा निर्माता असतो. हक्काचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीसह व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. हस्तांतरानंतरही कलाकृतीचे श्रेय सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार कायम राहतो. त्यामुळे चित्र कोठे व किती काळ वापरले जाईल आणि विक्रीच्या वस्तूंवर छापले जाईल का, हे नियमावलीत आधीच लिहावे. निवड न झालेल्या प्रवेशिकांवर संस्थेने हक्क सांगू नये. ज्या विद्यार्थ्याने रात्री जागून सूक्ष्मदर्शकाखाली कीटक न्याहाळला, त्याचे चित्र पुढील वर्षी निनावी छापले गेले, तर तो पुन्हा स्पर्धेकडे फिरकणार नाही.

अचूक चित्र काढण्यासाठी कीटक लक्षपूर्वक पाहावा लागतो, आणि कीटकशास्त्राचे शिक्षणही तेथूनच सुरू होते. स्पर्धेचे खरे पारितोषिक हेच आहे. मात्र चित्राखाली नाव छापण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.