तीन नावांचे शहर

परवा माळा आवरताना माझा कॉलेजातला जुना ॲटलास हाती लागला. मुलगी तिचा नवा ॲटलास घेऊन शेजारी बसली. दक्षिण अमेरिकेच्या पानावर ती अडली. "बाबा, तुमच्यातले हे गाव माझ्या नकाशात नाहीच!"

पॅराग्वेच्या पूर्व सीमेवर माझ्या नकाशात छापले होते, पुएर्तो प्रेसिदेन्ते स्ट्रोसनर. तिच्या नकाशात त्याच ठिपक्यापाशी होते सिउदाद देल एस्ते, म्हणजे 'पूर्वेचे शहर'.

पॅराग्वेला समुद्र नाही. त्याचा परदेशी व्यापार मुख्यतः नदीमार्गे अर्जेंटिनातून चाले. घराला दार एकच आणि किल्ली शेजाऱ्याच्या हाती, असा प्रकार! पूर्वेला घनदाट जंगल, पाराना नदी आणि पलीकडे ब्राझील. १९५४ मध्ये सत्ता बळकावणाऱ्या जनरल आल्फ्रेदो स्ट्रोसनर यांनी या बाजूला दुसरे दार पाडायचे ठरवले. ३ फेब्रुवारी १९५७ रोजी नदीकाठी नव्या गावाची स्थापना झाली. नाव ठेवले पुएर्तो फ्लोर दे लिस. नावात लिलीचे फूल होते. पण ते लवकरच कोमेजले आणि गावाला हुकूमशहाचे नाव मिळाले.

१९६५ मध्ये पारानावर मैत्री पूल खुला झाला आणि ब्राझीलमार्गे अटलांटिक महासागर गाठता येऊ लागला. १९७३ मध्ये दोन्ही देशांनी जवळच इताइपू धरण बांधण्याचा करार केला. हजारो मजूर आले, दुकाने वाढली. लेबनॉनहून, तैवानहून व्यापारी आले. स्वस्त परदेशी मालासाठी ब्राझीलचे लोक पिशव्या घेऊन पूल ओलांडू लागले. १९८४ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. या भरभराटीची किंमत मात्र इतरांनी मोजली. १९८२ मध्ये जलाशय भरला, तेव्हा ग्वाइराचे प्रचंड धबधबे बुडाले आणि नदीकाठच्या ग्वारानी आदिवासींच्या जमिनीही गेल्या.

२ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री लष्करी उठाव झाला. ३ तारखेला, म्हणजे गावाच्या बत्तिसाव्या वाढदिवशीच, स्ट्रोसनर यांची सत्ता संपली. ज्या ब्राझीलकडे त्यांनी दार उघडले होते, तिथेच त्यांना आश्रय घ्यावा लागला. २००६ मध्ये ते तिथेच वारले. गावावरचे त्यांचे नाव केव्हाच उतरले होते. गाव मात्र वाढतच राहिले. आज ते आसुन्सियोन या राजधानीखालोखाल देशातले सर्वांत मोठे शहर आहे.

मुलीने पेन्सिलीने माझ्या ॲटलासात नवे नाव लिहिले. जुने खोडायला तिने रबर उचलले, तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटले, "राहू दे. दोन्ही असू देत."