नोंदी पाच ॲपांत, शोध एकाच जागी : मोबाइलमधल्या टिपणांची खतावणी कशी लावायची?

पेडणे : पेडण्यात घर, बांद्याला मामाचं गाव, म्हापशात नोकरी आणि मोठं दुखणं आलं की बांबोळी. सीमेवरच्या अनेक कुटुंबांचा कारभार असा दोन राज्यांत पसरलेला असतो. त्या कारभाराच्या नोंदीही तशाच पसरलेल्या. जमिनीचा सर्व्हे नंबर गूगल कीपमध्ये, मामलेदाराकडच्या सुनावणीची तारीख व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली, औषधांची नावं फोनसोबत आलेल्या नोट्समध्ये आणि उरलेलं काही तरी संगणकावरच्या वर्डच्या फाइलीत.

लिहून ठेवलेलं असतं, पण वेळेला सापडत नाही. मुंडकार प्रकरणाची तारीख हुकली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबावं लागतं. डॉक्टर विचारतात, ‘कोणत्या गोळीची ॲलर्जी?’, आणि घरचा माणूस चार ॲप उघडत बसतो. यावर नवं ॲप घेणं हा उपाय नाही. सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या रूपात एका जागी आणल्या की काम होतं. खर्च जवळजवळ शून्य, मात्र थोडी शिस्त हवी.

एका ॲपला दुसऱ्यातलं का दिसत नाही?

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला आपली बंद खोली असते. एका ॲपने साठवलेला मजकूर दुसऱ्याला परस्पर वाचता येत नाही. सुरक्षेसाठी हे चांगलंच. नाही तर कुठलाही खेळ तुमची बँकेची माहिती वाचू शकला असता. पण त्यामुळे कीपमधला शोध कीपपुरता आणि व्हॉट्सॲपमधला व्हॉट्सॲपपुरता राहतो. आयफोनचा सामायिक शोध काही ॲपांच्या आत पोहोचतो, पण ज्या ॲपने तशी सोय दिली आहे त्यांच्यातच.

जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. रोज जे घडलं ते रोजकीर्दीत तारखेनुसार लिहायचं आणि मग नावानुसार खतावणीत उतरवायचं. अमुक माणसाकडे किती येणं आहे हे पाहायला कोणी अख्खी रोजकीर्द वाचत नाही. खतावणीतलं त्याचं खातं उघडतो. संगणकाचा शोधही बहुतेक वेळा असाच चालतो. तो आधी शब्दांची सूची करून ठेवतो : कुठला शब्द कुठल्या फाइलीत आहे. आपल्याकडे आज पाच रोजकीर्दी आहेत आणि प्रत्येकीची खतावणी वेगळी. आपल्याला पाचांची मिळून एक खतावणी हवी आहे.

साधा मजकूर म्हणजे काय?

ज्यात ठळक, रंगीत, चौकटी असं काही नाही, फक्त अक्षरं आहेत, ती साधी मजकूर-फाइल. नावाच्या शेवटी टीएक्सटी असतं. कोणताही फोन, कोणताही संगणक, नवा असो की जुना, ती उघडतो. कंपनी बंद पडली, नियम बदलले तरी फाइल तुमचीच राहते. एव्हरनोटचं उदाहरण घ्या. या ॲपने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याची मर्यादा ५० नोट्स आणि १ नोटबुक एवढी केली. त्यात वर्षानुवर्षं लिहीत आलेल्यांना जुन्या नोट्स दिसत राहिल्या, पण नवी नोट लिहायची तर एक तर पैसे भरावे लागले किंवा जुनं बाहेर काढावं लागलं.

एक खबरदारी. फाइल जतन करताना ‘यूटीएफ-८’ ही पद्धत निवडावी. १९९२ साली तयार झालेली ही पद्धत जगातल्या सगळ्या लिप्या सांभाळते. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये ‘अ‍ॅन्सी’ आपोआप निवडलेलं असायचं आणि त्यात मराठी जतन केलं की पुन्हा उघडल्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसायची. २०१९ पासूनच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ आपोआप येतं.

कुठून कसं काढायचं?

गूगल कीप : हव्या त्या नोट्स निवडून ‘कॉपी टू गूगल डॉक्स’ करा. मग डॉक्समधून ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणून डाउनलोड करा. सगळंच एकदम हवं असेल तर ‘गूगल टेकआउट’ आहे, पण त्यात नोट्स वेबपानांच्या रूपात येतात.

व्हॉट्सॲप : स्वतःशी असलेला चॅट उघडून ‘एक्सपोर्ट चॅट’, ‘विदाउट मीडिया’. मजकूर-फाइल तयार मिळते, तारीख-वेळेसकट.

सॅमसंग नोट्स : ‘सेव्ह ॲज फाइल’मध्ये मजकूर-फाइलीचा पर्याय आहे.

सिंपलनोट आणि जॉप्लिन : दोन्हींत एक्सपोर्टची सोय आहे. सिंपलनोट टीएक्सटी देतं, जॉप्लिन मार्कडाउन देतं. मार्कडाउन म्हणजेही साधा मजकूरच, फक्त फाइलीच्या शेवटी एमडी असतं.

ऑब्सिडियन : हे ॲप मुळातच फोल्डरमध्ये एमडी फाइली ठेवतं, त्यामुळे काढायचं काही नाही. बाकीच्या टीएक्सटी फाइलींची शेपटी बदलून एमडी केली की त्याही ऑब्सिडियनमध्ये दिसतात.

हे सगळं एकाच फोल्डरमध्ये टाका. फोल्डर गूगल ड्राइव्हवर ठेवला तर फोनवरूनही शोधता येतं, कारण ड्राइव्ह मजकूर-फाइलीच्या आतले शब्दही शोधतं. संगणकावर ‘नोटपॅड प्लस प्लस’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यातलं ‘फाइंड इन फाइल्स’ अख्ख्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली चाळून शब्द असलेली प्रत्येक ओळ समोर ठेवतं.

मराठीत खरी अडचण पुढेच

इथवरचं कुठल्याही भाषेत लागू पडतं. आपल्याकडे त्यापुढे चार अडचणी आहेत.

पहिली, नावांची. पेडणे, पेडणें, पेर्नेम, डिचोली, दिवचल, बिचोली, साखळी, सांखळी, म्हापसा, म्हापशें, मापुसा. मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग अशी एकाच गावाची तीन-तीन रूपं आपण सहज वापरतो. संगणकाला ती वेगवेगळी गावं वाटतात. उलट केरी एकच लिहिलं तरी पेडण्यातली केरी वेगळी, सत्तरीतली वेगळी आणि फोंड्यातली वेगळी. म्हणून गावासोबत तालुका लिहायची सवय हवी.

दुसरी, दोन राज्यांच्या शब्दांची. सिंधुदुर्गात सातबारा, गोव्यात फॉर्म १ व १४. तिकडे तहसीलदार, इकडे मामलेदार. तिकडे फेरफार, इकडे म्युटेशन. दोडामार्गातल्या आणि डिचोलीतल्या जमिनीच्या नोंदी एकाच घरात असतील तर ‘सातबारा’ शोधून अर्धंच सापडणार.

तिसरी, विभक्तीची. ‘पेडणे’ शोधलं तर ‘पेडण्यात’, ‘पेडण्याला’ सापडत नाही, कारण शब्द मध्येच बदलतो. उपाय सोपा आहे : न बदलणारा भाग शोधा. ‘पेडण’ एवढंच टाकलं की नोटपॅड प्लस प्लसमध्ये तिन्ही येतात. ‘खळी’ टाकलं की साखळी आणि सांखळी दोन्ही येतात. ड्राइव्हसारख्या शब्दसूचीवर चालणाऱ्या शोधात मात्र शब्दाच्या मधला तुकडा चालेलच असं नाही.

चौथी, दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ या दोन शब्दांत डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कळफलकानुसार त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. ‘बँक’ आणि ‘बॅंक’, ‘ॲप’ आणि ‘अॅप’ यांचंही तेच. आकड्यांचंही तसंच : मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे संगणकाला वेगळे. सरकारी संकेतस्थळावरून उचललेला सर्व्हे नंबर बहुधा इंग्रजी आकड्यांत येतो, म्हणून नंबरांपुरते सगळीकडे इंग्रजी आकडे ठेवणं सोयीचं.

आणखी एक. डीटीपीवाल्याकडून आणलेल्या जुन्या अर्जांच्या फाइली श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्यात मराठी शोधून काहीच मिळणार नाही. वरून मराठी दिसलं तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. कागदाच्या फोटोचंही तसंच. छापील मराठी गूगल लेन्सने उचलता येतं, पण हाताने लिहिलेलं किंवा पुसट झालेलं असेल तर स्वतः दोन ओळी टाइप करणंच बरं. पोर्तुगीज काळातल्या दस्तऐवजाच्या फोटोसोबत तर मराठीत चार शब्द हवेतच.

वरची एक ओळ

या सगळ्यावर एकच उपाय पुरतो. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर शोधशब्दांची एक ओळ लिहा. उदाहरणार्थ : ‘पेडणे पेर्नेम, धारगळ, जमीन, सर्व्हे, फॉर्म १ व १४, सातबारा, मुंडकार, मामलेदार, सुनावणी’. आपण पुढे कुठला शब्द आठवून शोधू, ते सगळे शब्द तिथे. खतावणीत खात्याचं नाव ठळक लिहितात तसंच हे. ही ओळ कीपमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर लिहितानाच घातली तर बाहेर काढल्यावर ती सोबतच येते.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा. त्यामुळे फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि चालू प्रकरणात शेवटचं काय झालं ते एका नजरेत कळतं.

काय ठेवू नये?

साधी फाइल कुलूपबंद नसते. ज्याच्या हाती फोन किंवा ड्राइव्हचं खातं लागेल त्याला ती वाचता येते. म्हणून एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड, आधार क्रमांक यात लिहू नये. फोल्डरची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर घ्यावी. मूळ ॲपमधल्या नोंदी लगेच पुसू नयेत. निदान काही आठवडे शोधून पाहून खात्री झाल्यावरच.

दहा वर्षांचं सगळं एका रविवारी हलवायची गरज नाही. आधी चालू प्रकरणं घ्या : जमीन, औषधपाणी, विमा, मुलांची कागदपत्रं. बाकीचं लागेल तसं. आणि फोल्डर कुठे आहे, त्यात कसं शोधायचं, हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा. बहुतेक घरांत नोंदी ठेवणारा एकच असतो आणि नेमकं त्याला बांबोळीला न्यावं लागलं की बाकीच्यांना सर्व्हे नंबरही सापडत नाही आणि गोळीचं नावही.