नव्या घराची घरपट्टी

घर बांधताना विटांचा, वाळूचा, गवंड्याच्या मजुरीचा आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. पण घर उभे राहिल्यावर ग्रामपंचायत त्याची जी आकारणी करते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मी शेतीखात्याचा माणूस. तरी बियाण्याची चौकशी करायला आलेला शेतकरी जाता जाता खिशातून घरपट्टीचे बिल काढून पुढे धरतो. पुष्कळदा ती रक्कम दरामुळे नव्हे, तर चुकीच्या नोंदीमुळे फुगलेली असते.

पूर्वी घराच्या चौरस फुटांवर पट्टी बसे. 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि आता ती घराच्या भांडवली मूल्यावर बसते. हे मूल्य काढायची रीत अवघड नाही. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा सरकारी दर, त्यात बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर मिळवायचा. घर जुने असेल तर बांधकामाच्या किमतीतून घसारा वजा होतो. नव्या घराला तो नाही. राहत्या घरापेक्षा दुकानाचा भार जास्त धरतात. येणाऱ्या मूल्यावर दर हजारी अमुक पैसे, असा कर. मातीच्या घराला दर कमी, सिमेंट-काँक्रीटच्या घराला जास्त. सरकारने ठरवलेल्या मर्यादेत तो दर ग्रामपंचायत ठरवते.

एक उदाहरण करून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. तुमचे स्लॅबचे घर 30 फूट बाय 20 फूट, म्हणजे 600 चौरस फूट. नोंदीत चौरस मीटर असतात, तेव्हा 10.76 ने भागा. सुमारे 56 आले. दर 15,000 रुपये धरला तर बांधकाम 8,40,000 रुपयांचे. जागा 100 चौरस मीटर, दर 600, म्हणजे 60,000. एकूण 9 लाख. हजारी 120 पैसे दराने पट्टी 1,080 रुपये.

आता शेजारचा 20 बाय 15 चा पत्र्याचा गोठा मोजणाऱ्याने घरातच धरून स्लॅबचा म्हणून लिहिला, तर 28 चौरस मीटर वाढले, मूल्य 4,20,000 ने वाढले आणि पट्टी 504 रुपयांनी. आकारणी साधारणपणे चार वर्षांनी बदलते. म्हणजे एका ओळीच्या चुकीपायी 2,016 रुपये! तेवढ्यात गोठ्याचे चार पत्रे बदलून होतील.

म्हणून बिलाची वाट पाहू नका. ग्रामसेवकांकडे (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) जाऊन नमुना 8 चा उतारा मागा. आकारणीची नोंद त्यात असते. नमुना 9 ही मागणीची वही. उतारा घरी आणा, मुलाच्या हाती टेपचे दुसरे टोक द्या आणि स्वतः मोजा. लांबी-रुंदी, भिंती व छताचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, वापर, एवढे ताडून पाहा. आकारणीची यादी ग्रामपंचायतीत लावून हरकतींसाठी मुदत देतात. त्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोणाच्या ध्यानात राहत नाही, त्यात त्यांचाही दोष नाही. निर्णय पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.

मळ्यात घर बांधलेल्यांनी आणखी एक पाहावे. ज्या जमिनीचा शेतसारा लागतो, त्या जमिनीवर घरपट्टी नाही. तिच्यावरच्या घरावर मात्र आहे. तेव्हा घराभोवतीचे वावर जागेच्या रकान्यात धरलेले नाही ना, याची खात्री करा. घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर 2020 पासून एका घराला करमाफीची योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो.

आणि नावाचे. नमुना 8 ला नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे पुष्कळांना वाटते. ती कराची वही आहे, मालकीचा दाखला नव्हे. गावठाणातल्या घरासाठी मिळकत पत्रिका लागते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून त्या दिल्या जातात. तरीही नमुना 8 वरचे नाव नीट हवेच. तिथे नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावता येते. पाणी मारून भिंती पिकवल्या तिनेच. अर्ज देताना तिलाही बरोबर घेऊन जा.